छोटीच्या खात्यातले पैसे

१

गुरुवारी सकाळी मी पर्स टेबलावर ठेवते न ठेवते तोच एक मुलगी दार न वाजवता आत आली. तुमच्या ऑफिसातल्या कुणीतरी माझी शिष्यवृत्ती चोरली, असं तिने सरळ सांगितलं आणि एक पत्र माझ्यापुढे सरकवलं.

मी या विद्यापीठाची तक्रार निवारण अधिकारी. मुलं मला तक्रारबाई म्हणतात आणि मला ते आवडतं. आमची एका वर्षाची फी ऐकली की चांगल्या खात्यापित्या घरातले बापसुद्धा खुर्चीचा हात घट्ट धरतात. म्हणून आमच्या संकेतस्थळावर एक पान ठेवलेलं आहे. घरची मिळकत किती, घरात माणसं किती, राहतं घर आपलं की भाड्याचं, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर काही आहे का, एवढं भरलं की आपल्याला किती मदत मिळेल याचा अंदाज समोर येतो. अंदाज म्हणजे वचन नव्हे, असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय. पण माहिती खरी भरली असेल तर अंदाज सहसा चुकत नाही.

या मुलीला अंदाजात पूर्ण शिष्यवृत्ती दिसली होती. ती प्रत्येक शाखेत एकालाच मिळते आणि वास्तुकलेत पहिलं नाव हिचं होतं. पत्रात मात्र निम्मी फी भरा असं लिहिलेलं. का, ते नव्हतं. आम्ही कारण कधीच लिहीत नाही, कारण लिहिलं की पालक त्या कारणाशी भांडत बसतात. शनिवारी दुपारी बारापर्यंत फी भरली नाही तर तिची जागाच जाणार होती आणि पूर्ण शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या मुलाला.

मी घरचं विचारलं. वडिलांचं चष्म्याचं दुकान, तेही भाड्याच्या गाळ्यात. आई लहानपणीच गेली. थोरली बहीण रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. घरी थोरलीला मोठी म्हणतात आणि हिला छोटी. छोटीच्या स्वतःच्या नावावर काही आहे का, असं मी विचारलं तेव्हा ती हसली. शाळेत असताना उघडलेलं एक खातं आहे, त्यात बँकेने लाजेकाजेस्तव ठेवलं असेल तेवढंच, म्हणाली.

मुलगी खोटं बोलत नव्हती. इतकी वर्षं लोकांच्या मिळकती ऐकल्यावर तेवढं कळतं. मी यादीतलं पुढचं नाव उघडलं आणि सकाळी सकाळी माझ्या अंगात उत्साह संचारला. ते नाव आमच्या शिष्यवृत्ती विभागाच्या प्रमुखबाईंच्या सख्ख्या भाच्याचं होतं.

२

प्रमुखबाईंबद्दल माझं मन स्वच्छ नाही, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. काउंटरवर उभं राहून लोकांशी कसं बोलायचं हे तिला मी शिकवलं. आता हिरवळीकडे उघडणारी खिडकी तिची आणि झेरॉक्स मशीनला खेटून असलेली खोली माझी. पूर्वी मी तिला अगं-तुगं करायचे, आता अहो-जाहो करावं लागतं. ती मात्र मला अजून 'बाई' म्हणते, आणि तेही इतक्या गोड आवाजात की रागवायलासुद्धा जागा सापडत नाही. तिचे कपडे संध्याकाळपर्यंत चुरगळत नाहीत, हेही मला खुपतं.

तेव्हा भाच्याचा विषय काढताना माझा आवाज जरा जास्तच मऊ झाला असणार. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून एक फाइल काढून दिली. भाच्याने अर्ज केला त्याच दिवशी तिने वास्तुकलेचं सगळं काम लेखी कळवून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवलं होतं. त्या यादीला तिने हातही लावलेला नव्हता. माझा हिरमोड झाला, आणि तो लपवायला मी खोकले.

मग तिने त्या अधिकाऱ्याला बोलावून छोटीचा अर्ज उघडायला लावला. आम्ही विद्यार्थ्याची संमती घेऊन बँकेकडून थेट खात्याचा उतारा मागवतो, विद्यार्थी तो पाहतही नाही. छोटीच्या उताऱ्यात पंधरवड्यापूर्वी भरलेली एक रक्कम होती. श्रीमंताच्या घरी तिची गणती चिल्लरीत झाली असती, पण छोटीच्या घराला ती फार मोठी होती.

आमच्या हिशेबाची एक खोच आहे आणि ती बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. आईबापांच्या नावावर पैसे असले तर आम्ही त्यातला थोडाच भाग फीसाठी धरतो, त्यांना घर चालवायचं असतं. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर असले तर ते जवळजवळ सगळे धरतो. आणि ते ठरावीक मर्यादेच्या वर गेले की पूर्ण शिष्यवृत्तीतून नावच बाद होतं. छोटीच्या खात्यातली रक्कम त्या मर्यादेच्या वर होती.

म्हणजे एकतर मुलगी कसलेली नटी होती, नाहीतर तिच्या खात्यात कुणीतरी तिच्या नकळत पैसे टाकले होते. आमच्या विभागात सगळे जण लपवलेले पैसे शोधत असतात. चोरून पैसे देऊन जाणारा माणूस शोधायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

३

छोटीला परत बोलावून मी ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला. कितीतरी वेळ ती हातातल्या पत्राची घडी घालत आणि उलगडत राहिली.

बँकेला मी आधीच फोन केला होता. पैसे काउंटरवर रोख भरलेले होते. भरणाऱ्याचं नाव पावतीवर होतं, पण खातेदाराने स्वतः येऊन विचारलं तरच सांगू, असं त्यांचं म्हणणं. बँक दोन चौक पलीकडे आहे, आत्ता जाऊन ये, असं मी छोटीला म्हटलं.

ती उठली. दाराशी जाऊन थांबली आणि म्हणाली, "राहू दे बाई. मी तक्रार मागे घेते."

सकाळी चोर चोर म्हणून आलेली मुलगी दुपारी चोराचं नाव विचारायला तयार नव्हती. तक्रार आणणं तुझ्या हातात होतं, मागे घेणं माझ्या हातात आहे, असं मी तिला सुनावलं. तसा काही नियम नाही, पण ठणकावून सांगितलं की नियमासारखं वाटतं.

तिच्या खात्याचा नंबर घराबाहेर एकाच माणसाकडे होता. तो म्हणजे तिचा अर्ज तपासून देणारा सल्लागार. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस, भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो आणि खाली पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. आमच्या हिशेबाची खोच त्याला तोंडपाठ होती. त्याहून गंमत म्हणजे प्रमुखबाईंचा भाचाही त्याचाच विद्यार्थी होता. भाच्याला शिष्यवृत्ती मिळाली तर भिंतीवर आणखी एक फोटो लागणार होता.

हाच तो, असं मी जिने चढतानाच ठरवलं होतं. पण पाऊण तास बसूनही त्याने मला पाणी विचारलं नाही. छोटीच्या वडिलांनी फी दोन हप्त्यांत दिली याची त्याने तीनदा तक्रार केली. माझ्या हातातलं त्याचं पेन मी पर्समध्ये टाकीन की काय, याकडे त्याचं सारखं लक्ष होतं. हा माणूस दुसऱ्याचं वाटोळं फुकटात करील, पण त्यासाठी स्वतःच्या खिशातले पैसे घालणार नाही. मी त्याला मनातल्या मनात सोडून दिला.

उरलं घर.

४

चष्म्याचं दुकान लांबट आणि अरुंद होतं. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा, मागे पडद्याआड भिंगं घासायचं मशीन. छोटीचे वडील स्वतः जाड भिंगाचा चष्मा लावून बसले होते आणि एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा सुटलेला स्क्रू चिमट्याने बसवत होते. मोठी लॅबमधून चहाच्या सुट्टीत आली होती. वडिलांना नीट दिसावं म्हणून ती टेबलदिव्याचा प्रकाश त्यांच्या बोटांवर धरून उभी होती. छोटी कोपऱ्यात स्टुलावर बसलेली.

गिऱ्हाईक गेल्यावर वडिलांनी मला बसायला दिलं. ते म्हणाले की आता तक्रार नको, भांडण नको, त्यांनी सोय केली आहे. भिंगं घासायचं मशीन विकायला काढलं होतं, उद्या संध्याकाळी माणूस पैसे घेऊन येणार होता. भिंगं बाहेरून घासून आणली तर सुटतं फारच थोडं, पण एका पोटाला कितीसं लागतं, असं ते हसून म्हणाले.

छोटी ताडकन उठली. मशीन विकलंत तर मी कॉलेजात पाऊलसुद्धा टाकणार नाही, म्हणाली. वडिलांनी तिची समजूत घातली, ती रडली, मग तेही रडले. एका परक्या बाईसमोर हे सगळं झालं आणि मला कुठे बघावं कळेना म्हणून मी मोठीकडे बघितलं. तिने दिवा बंद केला आणि वायर गुंडाळून ठेवली.

डोळे पुसून वडील मला सांगू लागले की मोठीही हुशार, तिलाही चार वर्षांपूर्वी याच विद्यापीठात जायचं होतं. आई गेल्यावर घरातलं सगळं करून ती शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची, पैसे जपून ठेवायची. पण तिला म्हणावी तेवढी मदत मिळाली नाही. का, ते कधी कळलं नाही. नशीब, दुसरं काय, असं म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला.

मोठी घड्याळाकडे बघून निघाली. निघताना माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाली की उद्या लॅबमध्ये या, तुम्हाला काहीतरी सांगायचंय.

५

शुक्रवारी मी गेले तेव्हा ती एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दंडाला रबरी पट्टा बांधत होती. लॅबमधल्या दोघांना त्यांची शीर सापडली नव्हती म्हणून त्यांना तिच्याकडे पाठवलं होतं. तिने बोटाने चाचपलं, त्यांच्याशी पावसापाण्याच्या गोष्टी केल्या आणि ते बोलत असतानाच काम उरकलं. सुई टोचली हे त्यांना कापूस दाबायला सांगितल्यावर कळलं.

मागच्या खोलीत नेऊन तिने मला सांगितलं. छोटीच्या खात्यात पैसे तिनेच भरले होते. चार वर्षांच्या पगारातून जे काही मागे टाकलं होतं ते सगळं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी छोटीला सांगून चकित करायचं होतं. वह्या, प्रवास, रेखाटनाचं सामान, कशासाठी कुणापुढे हात पसरायला लागू नये, एवढीच इच्छा. शिष्यवृत्ती जाईल हे तिला कुठून माहीत असणार?

"माझ्यामुळे तिचं नुकसान झालं," ती म्हणाली आणि ओंजळीत तोंड झाकून रडली.

मलाही भरून आलं. मी तिला जवळ घेतलं, पाणी दिलं आणि काहीतरी मार्ग काढू असं म्हणून बाहेर पडले. गुन्हेगारच नव्हता. एका बहिणीने माया केली आणि ती आमच्या नियमात अडकली. आता प्रमुखबाईंना गाठून त्यांच्या नियमांचे वाभाडे काढायचे, असा बेत मी बसस्टॉपवर उभ्या उभ्या आखत होते.

बस आली, थांबली आणि गेली. मी चढलेच नाही. मला वायर गुंडाळणारे तिचे हात आठवले.

६

फीसाठी बाप पोटाचं साधन विकायला निघालाय. धाकटी रडतेय. आणि थोरलीने तर त्या फीचा बराचसा भाग आधीच धाकटीच्या खात्यात भरून ठेवलाय. अशा वेळी कुणीही काय म्हणेल? थांबा बाबा, माझ्याकडे आहेत, एवढंच म्हणेल. पत्र आल्यापासून घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं आणि ती गप्प होती. पहिल्या दिवशी चकित करायचं म्हणून गप्प, असं ती म्हणते. पण फी भरली नाही तर पहिला दिवस उजाडणारच नव्हता.

यावर एक उत्तर होतं आणि मी ते तिच्या बाजूने स्वतःशी मांडून बघितलं. पत्र आल्यावर आपली चूक तिच्या लक्षात आली असेल आणि ती घाबरून गप्प बसली असेल. शक्य होतं. सगळा प्रश्न एवढाच होता की पैसे भरताना तिला नियम ठाऊक होता का. आणि चार वर्षांपूर्वी शिकवण्यांचे पैसे जपून ठेवणाऱ्या एका मुलीला मदत का मिळाली नव्हती, हे तिच्या वडिलांना कळलं नसलं तरी मला आता लख्ख कळत होतं.

तिला ते कारण कुणी सांगितलं असेल तर आमच्या काउंटरवरच. पण चार वर्षांपूर्वी काउंटरवर मी नव्हते. प्रमुखबाई होती. तिच्याकडे जाऊन मदत मागणं माझ्या जिवावर आलं होतं, तरी गेले.

तिला क्षणभरही लागला नाही. चष्म्याच्या दुकानातली ना, म्हणाली. चेहरे तिला जन्मभर लक्षात राहतात, हेही मला कधी जमलं नाही. ती मुलगी पत्र घेऊन आली होती आणि कारण कळल्याशिवाय हलायला तयार नव्हती. नियम मोडून प्रमुखबाईने तिला पेन्सिलीने सगळा हिशेब उलगडून दाखवला. आईबापांचे पैसे कसे धरतात, स्वतःचे कसे, मर्यादा कुठे लागते.

"मग ती खूप वेळ बसली, बाई," प्रमुखबाई म्हणाली. "शेवटी मला म्हणाली, म्हणजे मी साठवले नसते तर मला मिळालं असतं."

मी खिडकीबाहेर हिरवळीकडे बघत राहिले. शिकवण्या करून साठवणारीचं घोडं ज्यामुळे अडलं, त्याच नियमाने काहीही न साठवलेल्या धाकटीला सगळं मिळत होतं. आणि थोरलीने त्यावर इलाज केला होता. स्वतःला जे नडलं तेच तिने धाकटीच्या खात्यात नेऊन भरलं. चार वर्षांची सगळी कमाई देऊन टाकली, पण धाकटी आपल्या पुढे जाऊ नये.

मला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही. तिच्या जागी मी असते तर माझेही हात शिवशिवले असते, हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

मार्ग काय, असं मी विचारलं. प्रमुखबाईने नियमावली काढली. प्रेमाने दिलेली भेट परत केली तरी धरली जाते, नाहीतर सगळेच पैसे इकडून तिकडे फिरवतील. अपवाद एकच. भांडणाऱ्या नवरा-बायकोंमुळे ते कलम घालावं लागलं होतं, एकमेकांवर सूड उगवायला ते मुलांच्या नावावर पैसे टाकायचे. विद्यार्थ्याचं नुकसान करायच्या हेतूनेच पैसे भरले, असं भरणाऱ्याने विद्यार्थ्यासमोर आणि तक्रार अधिकाऱ्यासमोर लिहून दिलं, तर ते पैसे धरायचे नाहीत. पत्र रद्द, शिष्यवृत्ती परत.

तो कागद बारापर्यंत माझ्याकडे आणा, मी आणि तो अधिकारी सही करायला बसून राहू, असं प्रमुखबाई म्हणाली. भाच्याचं नाव तिने काढलं नाही. मीही काढलं नाही. तेवढी लाज मला आहे.

तेवढ्या रात्रीपुरतं मशीन विकू नका, असा मी दुकानात फोन केला आणि दोघी बहिणींना सकाळी बोलावलं.

७

शनिवारी साडेदहाला दोघी माझ्या खोलीत आल्या. पलीकडे झेरॉक्स मशीन खडखडत होतं म्हणून मी दार लावून घेतलं. कोऱ्या कागदावर पेन ठेवून मला समजलेलं सगळं मोठीला सांगितलं. वायर, शिकवण्या, पेन्सिलीने मांडलेला हिशेब. कुठेही आवाज चढवला नाही. कलमही वाचून दाखवलं. आता तू खरं लिहून दिलंस तर छोटीला शिष्यवृत्ती मिळेल, नाही दिलंस तर मी काही सिद्ध करू शकत नाही, हेही सांगितलं.

मोठी भिंतीकडे बघत होती. बोलली ती छोटी.

"बाई, ताईने प्रेमानेच दिले. तसंच लिहा."

अगं, मग तुझी जागा जाईल, मी म्हटलं.

"जाऊ दे. दुसरीकडे कुठेतरी शिकेन."

तेव्हा मला कळलं की ही पोरगी बँकेत का गेली नव्हती. मी विचारलं, आणि तिने मान खाली घालून सांगितलं. शिष्यवृत्तीचा अंदाज आला त्या दिवशी तिने सगळ्यांत आधी ताईला दाखवला होता. ताई छान म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. तिथे घासायला एकही भांडं नव्हतं. पत्र आलं तेव्हाच छोटीच्या मनात पाल चुकचुकली होती. चूक तुमच्या ऑफिसची निघावी असं मला फार फार वाटत होतं, म्हणून मी तक्रार घेऊन आले, म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं, फक्त माझी कारणं इतकी चांगली नव्हती.

मग छोटी बहिणीकडे वळली. "ताई, मला राग नाही आला. तुझं सगळं राहिलं माझ्यामुळे. तू मला वाढवलंस. मी कधीच कुणाला सांगणार नाही."

मोठीने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर रडणं नव्हतं, पश्चात्तापही नव्हता. जे होतं ते मी रोज सकाळी हिरवळीकडच्या खिडकीखालून जाताना माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावर असणार.

"म्हणजे यातसुद्धा तूच चांगली," ती म्हणाली. "कॉलेज तुझं, बाबांचं रडणं तुझ्यासाठी, आणि आता मोठं मनही तुझंच. मी जन्मभर तुझ्या उपकारात राहायचं. तू दुसरीकडे कुठेतरी शिकशील, आणि मी रोज तुझं तोंड बघत बसेन."

छोटीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"गप्प बस," मोठी म्हणाली आणि कागद पुढे ओढला.

ती लिहीत गेली. लॅबमध्ये नळ्यांवर नावं घालायची सवय, अक्षर स्वच्छ होतं. मी समोर बसून उलटं वाचत होते. पैसे मी भरले. नियम मला चार वर्षांपासून माहीत होता. माझ्या बहिणीला हे माहीत नव्हतं. तिचं नुकसान व्हावं म्हणूनच मी भरले. इथपर्यंत कलमापुरतं झालं होतं, पण ती थांबली नाही. तिला मिळावं आणि मला मिळू नये, हे मला बघवलं नाही, असं तिने लिहिलं आणि मग पेन थांबलं. सहीची जागा तेवढी रिकामी राहिली.

साडेअकरा होऊन गेले होते. मी काही बोलणार इतक्यात ती कागदावरची नजर न उचलता म्हणाली, "मला माफ करू नकोस. तेवढं तरी माझं मला राहू दे."

छोटीला काय म्हणायचं होतं ते मला दिसत होतं, आणि ते गिळायला तिला किती जड जातंय तेही दिसत होतं. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"नाही करणार," ती म्हणाली. "तू फार वाईट वागलीस, ताई. मी नाही माफ करणार तुला."

मोठीने मान हलवली आणि सही केली.